वायद्याची तारीख

ठाण्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध तारीख कोणती, असे कोणाही ठाणेकराला विचारले, तर तो १६ एप्रिल १८५३ हीच सांगेल. त्या दिवशी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदराहून चौदा डब्यांची आगगाडी चारशे पाहुणे घेऊन निघाली आणि एकवीस मैलांचे अंतर तोडून आपल्या गावी आली. शाळेतील मुलालाही हे पाठ असते. परंतु हीच तारीख संगणकावरील एक्सेलच्या कोष्टकात लिहावी आणि तीत एक दिवस मिळवण्याची आज्ञा करावी, म्हणजे गंमत दिसते. यंत्र १७ एप्रिल असे उत्तर देत नाही. ते चूक दाखवते. कारण त्याच्या लेखी १ जानेवारी १९०० च्या आधी काळच नाही! ठाण्याची पहिली गाडी त्याच्या दृष्टीने अजून सुटलेलीच नाही.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. आज वागळे इस्टेटीत, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, कल्याणच्या बांधकाम कंत्राटदाराच्या कचेरीत, कोणतेही काम केव्हा पुरे होईल याची तारीख याच कोष्टकातून काढली जाते. कामाला तास किती, रोज तास किती, सुट्या किती, एवढे भरले की यंत्र वायद्याची तारीख सांगते. गिऱ्हाईक तिच्यावर विसंबते, दंडाचे कलम तिच्यावर टांगलेले असते, आणि कामगाराची संध्याकाळ तिच्यावर ठरते. तेव्हा या कोष्टकातील एकेक घर कोठून आले, ते कोणी भरले आणि त्यासाठी कोणाला झगडावे लागले, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे असे आम्ही समजतो.

प्रथम दिवसाची मोजणी पाहू. यंत्र तारखेला तारीख म्हणून ओळखत नाही. ते एक आकडा ठेवते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, दुसऱ्या तारखेचा दुसरा, याप्रमाणे मोजत आले की ६ ऑक्टोबर २०२५ हा ४५९३६ वा दिवस येतो. दोन तारखांमधील अंतर काढायचे तर एका आकड्यातून दुसरा वजा करावयाचा. महिना तिसाचा की एकतिसाचा, ही कटकट उरत नाही. पुष्कळांना ही पाश्चात्त्य बुद्धीची करामत वाटते. परंतु आपल्या पंचांगकर्त्यांना ही युक्ती फार जुनी ठाऊक होती. तिला ते अहर्गण म्हणत. कलियुगाच्या आरंभापासून किंवा ग्रंथकाराने धरलेल्या दिवसापासून आजपर्यंत किती दिवस गेले, ती संख्या म्हणजे अहर्गण. क्षयतिथी आणि अधिकमास यांच्या गुंत्यातून सुटण्याचा तोच मार्ग होता. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० हे वर्ष धरून ‘ग्रहलाघव’ रचला, तेव्हा आकडा फार फुगू नये म्हणून त्यांनी सुमारे अकरा वर्षांची, ४०१६ दिवसांची, चक्रे पाडली. आकडा लहान राहिला, गणित सोपे झाले, आणि महाराष्ट्रातील जोशी मंडळींनी तो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वापरला.

नव्या अहर्गणात मात्र एक दोष राहून गेला आहे. संगणकावरील पहिले कोष्टक, व्हिजिकॅल्क, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली बाजारात आणले. पुढे १९८३ च्या जानेवारीत लोटस १-२-३ आले आणि त्याने व्यापारी जगत जिंकले. त्याच्या कर्त्यांनी १९०० हे वर्ष लीप वर्ष धरले. वास्तविक शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप असते. १९०० ला तो जात नाही. परंतु लोटसमधील जुने हिशेब आपल्याकडे जसेच्या तसे चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने ही चूक जाणूनबुजून एक्सेलमध्ये ठेवली. त्यामुळे त्या यंत्रात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस आजही साठाव्या क्रमांकावर बसून आहे. एकाने केलेली चूक सर्वांच्या सोयीसाठी नियम होऊन बसते, याचे याहून सोपे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता तासाकडे वळू. यंत्राच्या हिशेबात एक दिवस म्हणजे १. तेव्हा दुपारचे बारा म्हणजे अर्धा, आणि आठ तास म्हणजे एक तृतीयांश. येथेच नवशिक्याची पहिली फसगत होते. १६० तासांचे काम आहे आणि ६ ऑक्टोबरला सकाळी आठला ते सुरू करायचे आहे. तो सरळ १६० तास मिळवतो. यंत्र सहा दिवस सोळा तास पुढे जाऊन १२ ऑक्टोबरची मध्यरात्र दाखवते. माणूस चोवीस तास काम करीत नाही, हे यंत्राला कोणी सांगितलेलेच नसते.

दुसरी फसगत याहून बोलकी आहे. एका कामगाराचे रोजचे आठ तास सहा घरांत लिहावे आणि खाली बेरीज मागावी. बेरीज अठ्ठेचाळीस यावयास हवी. परंतु साध्या घड्याळी मांडणीत यंत्र उत्तर दाखवते शून्य! कारण अठ्ठेचाळीस तास म्हणजे बरोबर दोन दिवस, आणि घड्याळ दोन फेऱ्या पुऱ्या करून पुन्हा बारावर आलेले असते. मांडणीत तासाच्या खुणेला चौकोनी कंस घातला की खरी बेरीज दिसू लागते. हे जाणणाऱ्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु कामगाराचा सबंध आठवडा आणि समोर शून्य, हे प्रथम पाहिले तेव्हा आम्हांला त्यातून शंभर वर्षांचा इतिहास दिसला.

कारण हा अठ्ठेचाळीसचा आकडा आकाशातून पडलेला नाही. मुंबईच्या पहिल्या गिरण्यांत घड्याळ नव्हते असे नाही; पण कामाचा दिवस सूर्य मोजी. उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत. उन्हाळ्यात दिवस लांबे, हिवाळ्यात आखडे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने फक्त मुलांपुरती नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा दिली. प्रौढ पुरुषांना काहीच नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि ज्या दिव्याने जग उजळले म्हणतात त्यानेच गिरणीचा दिवस लांबवला. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. सूर्याने घातलेली मर्यादा माणसाने काढून टाकली होती आणि कायद्याची मर्यादा अद्याप यावयाची होती! ती कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी १९११ साली बारा तासांची आली. १९२२ साली आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ साली चौपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस. आणि १९४८ च्या कायद्याने तोच आकडा स्वतंत्र भारतात कायम केला. रोजच्या तासांच्या घरात आपण सहज ८ लिहितो, त्या आठाच्या मागे ही उतरंड आहे.

आणि तास तरी कोणाचा? आगगाडी मद्रासच्या वेळेवर चाले, मुंबई शहर मुंबईच्या वेळेवर. दोहोंत तीस मिनिटांचे अंतर. मुंबईवर मद्रास वेळ लादण्याचा प्रयत्न गव्हर्नर फर्ग्युसन यांनी १८८१ साली केला आणि लोकांच्या विरोधामुळे तो दोन वर्षांत सोडावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटे पुढे. तरीही मुंबई शहराने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत जपली. म्हणजे ठाण्याहून किंवा कल्याणहून गाडीने जाऊन शहरात चाकरी करणाऱ्याला दोन वेळांचे गणित मनात बाळगावे लागे. आज आपण सर्व एका घड्याळावर आहोत. पण ‘वेळ ही सृष्टीने ठरवलेली वस्तू आहे’ असे ज्याला वाटते त्याने एवढा इतिहास आठवावा.

तिसरे घर साप्ताहिक सुटीचे. या घरासमोर उभे राहिले की नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. लोखंड्यांचे जन्मगाव म्हणून ठाण्याचे नाव सांगितले जाते. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी. ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज झाला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून रविवारी विसावा, दुपारी अर्धा तास सुटी, कामाचा आरंभ सकाळी साडेसहाला आणि शेवट सूर्यास्ताला, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आज या मागण्या वाचताना त्यांचा लहानपणाच मनाला लागतो. सहा वर्षे गेली. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९७ साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना लोखंडे स्वतः त्या रोगाला बळी पडले. रविवार हा खंडोबाचा वार खरा. परंतु गिरणी कामगाराला तो खंडोबाने दिला नाही, आणि साहेबानेही दिला नाही. तो मागून, भांडून मिळवलेला आहे.

एक्सेलमध्ये वर्कडे नावाचे सूत्र आहे. आरंभाची तारीख आणि कामाचे दिवस दिले की ते अखेरची तारीख काढते. पण ते शनिवार आणि रविवार दोन्ही सुटीचे धरून चालते. ज्या देशात ते बांधले गेले तेथील रीत त्यात गृहीत आहे. २०१० च्या आवृत्तीत याच सूत्राचा दुसरा अवतार आला आणि त्यात सुटीचा वार आपला आपण सांगण्याची सोय झाली. फक्त रविवार हवा असेल तर ११ हा संकेत, फक्त शुक्रवार हवा असेल तर १६. आपल्या भागात या सोळाचे महत्त्व फार आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि त्याच्या कामाचा आरंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटीतून झाला. तेथील आणि डोंबिवलीच्या वसाहतीतील पुष्कळ कारखाने शुक्रवारी बंद असतात. सर्वांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून सुट्या निरनिराळ्या वारी वाटण्यात आल्या, त्याची ही खूण. बँकांचे गणित वेगळे. १ सप्टेंबर २०१५ पासून त्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा. राज्य शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो २९ फेब्रुवारी २०२० रोजी. ही एकोणतीस तारीख तरी खरोखर उगवली! म्हणजे एकाच घरात कारखान्यात जाणारा मुलगा, बँकेत जाणारी सून आणि मंत्रालयात जाणारा जावई यांचे तीन आठवडे तीन प्रकारचे असू शकतात. एका सूत्राने तिघांचे वायदे निघणार कसे?

चौथे घर इतर सुट्यांचे. ही यादी यंत्राला माहीत नसते. ती आपण हाताने भरावी लागते, आणि बहुधा हेच घर रिकामे राहते. याचा मोठा धडा आपल्याच लोहमार्गाने दिला आहे. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोचली. तेथून एक फाटा थळ घाटाकडे, दुसरा बोर घाटाकडे जायचा होता. बोर घाटाचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. सुमारे पावणेसोळा मैलांचा चढ आणि त्यात पंचवीस बोगदे. इंग्लंडमध्ये बसून मैलांना माणसांनी भागून वर्षे काढता येत होती. पण सह्याद्रीत पावसाळा येतो, आणि त्या चार महिन्यांत उघड्यावरचे काम जवळजवळ थांबते, हे वर्षाच्या गणितात बारा महिने धरणाऱ्याच्या ध्यानात कसे यावे? त्यात पटकीची साथ. मजुरी वेळेवर आणि पुरती मिळत नाही, या तक्रारीतून १८५९ च्या जानेवारीत घाटात दंगा झाला. त्याच वर्षी कंत्राटदार फेव्हिएल याने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईस येऊन थोड्याच दिवसांत वारला; तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्याकडे घेतले आणि दोन जाणत्या अभियंत्यांच्या हस्ते ते पुरे करून घेतले. १८६१ साली एके वेळी बेचाळीस हजारांवर माणसे घाटात राबत होती. १८६३ साली गाडी घाट चढली. मुख्य अभियंता बर्कले ते पाहावयास उरला नव्हता. तो आदल्या वर्षी निवर्तला होता. मजुरांपैकी किती जण उरले नव्हते, त्यांची नावे कोणत्याही कोष्टकात नाहीत.

आता अलीकडची एक लहानशी गोष्ट सांगतो. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ डोंबिवलीत छोटा कारखाना चालवतात. सज्जन माणूस, कामगारांच्या घरच्या लग्नाला जाणारा. २०२५ सालच्या कोजागिरीला, ६ ऑक्टोबरला, सोमवारी, त्यांनी १६० तासांचे एक काम हाती घेतले. रोजचे आठ तास म्हणजे वीस दिवस. सूत्रात शुक्रवारचा सोळा हा संकेत त्यांनी बरोबर घातला, पहिला दिवसही धरला, आणि यंत्राने २८ ऑक्टोबर ही तारीख दिली. तीच त्यांनी गिऱ्हाइकाला लिहून दिली. फक्त सुट्यांचे घर रिकामे राहिले होते. २० ते २३ ऑक्टोबर हे दिवाळीचे चार दिवस कारखाना बंद. ते कोष्टकात नव्हते.

चूक कळली ती दिवाळीनंतर, २५ तारखेला. तोवर बारा दिवसांचे ९६ तास भरले होते. ६४ तास बाकी, आणि हाती दिवस चार. म्हणजे रोज सोळा तास! १९०५ च्या विजेच्या दिव्याखालच्या गिरणीतही पंधराच होते. मालक स्वतः रात्री एकपर्यंत कामगारांबरोबर उभे राहिले, जादा कामाचे पैसे त्यांनी चोख दिले, आणि माल दिल्या तारखेला गेला. काही दिवसांनी आम्ही तेथे गेलो, तेव्हा त्यांचे जुने मुकादम आम्हांला एवढेच म्हणाले, “मास्तर, तारीख मशीनने दिली, रात्री आम्ही दिल्या.”

आम्हांला हे वाक्य विसरता आलेले नाही. हिशेब नीट केला असता तर काय झाले असते? शुक्रवार आणि दिवाळी दोन्ही वगळून विसावा दिवस येतो २ नोव्हेंबर. तो रविवार; गिऱ्हाइकाची कचेरी त्या दिवशी बंद. तेव्हा खरा वायदा ३ नोव्हेंबर, सोमवारचा. सहा दिवसांचा फरक. गिऱ्हाइकाने ही तारीख पहिल्या दिवशी निमूटपणे मान्य केली असती असे ते गृहस्थच नंतर म्हणाले. अखेरचा दिवस बंद असला तर पुढला उघडा दिवस धरावा, ही समजूत कायद्यालाही मान्य आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात न्यायालये आणि कचेऱ्या यांच्यापुरता तसा नियम आहे, आणि ‘अमुक तारखेपासून’ म्हटले की ती पहिली तारीख सोडून मोजावे, हेही त्यातच सांगितले आहे. वर्कडे सूत्रही आरंभाचा दिवस मोजीत नाही. तो धरायचा असेल तर आदल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. एका दिवसाचे असे वाद पूर्वी व्यापाऱ्यांच्या पेढीवर होत, आज कोष्टकात होतात, वाद तोच.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही यंत्राला उगाच दोष देता. आम्ही यंत्राला दोष देत नाही. यंत्राने जे विचारले त्याचे उत्तर दिले. अहर्गण काढणारा जोशीही पंचांगात नसलेला सण सांगू शकत नव्हता. आमचे म्हणणे एवढेच आहे की, कोष्टकातील प्रत्येक रिकामे घर कोणाच्या तरी अंगावर भरले जाते. घाटाच्या हिशेबातील पावसाळा मजुरांच्या अंगावर भरला गेला. डोंबिवलीच्या हिशेबातील दिवाळी चार माणसांच्या रात्रींवर भरली गेली.

आणि काही तास तर कोणत्याच घरात बसत नाहीत. डोंबिवलीहून मुंबईस जाणारा माणूस सकाळी गाडीच्या दारात लोंबकळत जातो आणि रात्री तसाच परततो. त्याचा प्रवास कामाच्या तासांत नाही, विसाव्याच्या तासांतही नाही. १८५३ साली चारशे पाहुण्यांनी जो प्रवास तोफांच्या सलामीत केला, तोच आज लाखो लोक हिशेबाबाहेर करतात. या तासांचे घर कोष्टकात कोणी काढावे, हा प्रश्न आम्ही सोडवू शकत नाही. परंतु ‘अजून दोन तास थांबा’ असे सांगणाऱ्याने तो मनात बाळगावा, एवढे तरी म्हणता येईल.

तेव्हा उद्या कोणाला वायद्याची तारीख द्यावयाची असेल, तर आमची विनंती साधी आहे. आधी आठवड्याची सुटी कोणत्या वारी ते खरे लिहावे. मग भिंतीवरची दिनदर्शिका काढून सण लिहावेत. गणपतीत कोकणात जाणारी माणसे किती, तेही लिहावे. पावसात अडणारे काम असेल तर पाऊस लिहावा. रोजचे तास आठच लिहावेत, मनातले दहा नव्हेत. मग यंत्राला तारीख विचारावी, आणि ती गिऱ्हाइकाला सांगण्यापूर्वी ज्यांनी काम करावयाचे त्यांना एकदा वाचून दाखवावी. मुकादम काय म्हणतो ते ऐकावे. ज्या रविवारासाठी साडेपाच हजार कामगारांनी सह्या आणि अंगठे दिले, त्याची किंमत एवढी तरी ठेवणे आपल्या हाती आहे.